कालव्याच्या तळातून ताशी २००

टोकियोत गिन्झाजवळ शहराचा द्रुतगती मार्ग एकदम खाली खंदकात उतरतो. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, डोक्यावरून एकामागून एक जाणारे पूल, आणि त्यांतल्या काही पुलांचे खांब चक्क धावत्या रस्त्याच्या मधोमध. खांबाच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, हे वळण संपायच्या आत ठरवावं लागतं. शर्यतीचा ट्रॅक आखणाऱ्याने असा रस्ता काढला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं असतं. पण इथे आधी रस्ता नव्हताच, कालवा होता. त्यातलं पाणी काढलं, तळाला डांबर घातलं, पूल होते त्या जागी राहिले. जिथून होड्या जायच्या तिथून गाड्या जायला लागल्या.

घाई होती ऑक्टोबर १९६४ मधल्या ऑलिंपिकची. वाहनं वाढत चाललेली, जमीन महाग, आणि एकेका मालकाची मनधरणी करत बसायला वेळ नाही. नद्या आणि कालवे मात्र सार्वजनिक मालकीचे. तिथे कुणी कोर्टात जाणार नव्हतं. मग रस्ता पाण्यावरून न्या, नाहीतर पाणी आटवून त्याच्या जागेतून न्या. क्योबाशी ते शिबाउरा हा साडेचार किलोमीटरचा पहिला तुकडा डिसेंबर १९६२ मध्ये खुला झाला. पुढच्या वर्षी निहोनबाशीची पाळी आली. जपानमधल्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात तो हा १९११ सालचा दगडी पूल. त्याच्या थेट डोक्यावर महामार्गाचं छप्पर बसलं. आता ते काढायचं चाललंय. तिथला मार्ग भुयारात नेण्याचं काम सुरू आहे. बोगदा २०३५ मध्ये खुला करायचा आणि वरचा पूल २०४० पर्यंत उतरवायचा, असा बेत आहे.

हे सगळं मी शोधायला लागलो ते चिंचवडच्या माझ्या भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, टोकियोला कधी गेलेला नाही, आणि त्याला त्या शहराच्या द्रुतगती मार्गावरची बाहेर पडायची एकूण एक वळणं तोंडपाठ आहेत. ‘इथे उजव्या हाताला एक्झिट येतो, मामा, सावध राहावं लागतं,’ असं तो ज्या सहजतेने सांगतो त्या सहजतेने त्याला दगडूशेठहून अप्पा बळवंत चौकात कसं जायचं हे सांगता येत नाही.

या मार्गजाळ्याला तिथे ‘शुतोको’ म्हणतात. एकूण लांबी सुमारे ३२७ किलोमीटर, रोजची वाहनं दहा लाखांच्या घरात. त्यातलं आतलं कडं म्हणजे ‘सी-वन’, साधारण पंधरा किलोमीटरचं. भाच्याचं टोकियो राहतं ‘असेटो कोर्सा’ नावाच्या सिम्युलेटरमध्ये. रोमजवळच्या वाल्लेलुंगा या ट्रॅकच्या शेजारी कार्यालय थाटलेल्या कुनोस सिम्युलात्सिओनी या छोट्या इटालियन कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. त्यात मोन्झा होता, न्युरबर्गरिंग होता. लेझरने मोजून, डांबरावरचा उंचवटान् उंचवटा उतरवून केलेले खरे ट्रॅक. पण कंपनीने एक दार उघडं ठेवलं. ज्याला हवी त्याने आपली गाडी बनवावी, आपला रस्ता बनवावा आणि खेळात घालावा. अशा घातलेल्या वस्तूला मॉड म्हणतात. ‘शुतोको रिव्हायव्हल प्रोजेक्ट’ हा हौशी मंडळींनी केलेला असाच एक मॉड. जानेवारी २०२५ मध्ये या खेळाची नवी पिढी आली, तरी भाचा आणि त्याचे मित्र दहा वर्षांपूर्वीच्या जुन्याच खेळाला चिकटून आहेत, कारण त्यांचं शहर तिथे आहे.

त्याची ‘रिग’ सांगण्यासारखी आहे. अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडलं. ब्रेक जोरात दाबला की पेडलं फरशीवरून पुढे पळायची, म्हणून ती भिंतीला टेकवली. मग पेडलं जागची हलेनात, पण ब्रेक मारला की चाकांची खुर्चीच मागे पळायला लागली. त्यावर उपाय म्हणून खुर्चीची पाचही चाकं जुन्या बुटांत घातलीत. अडीच जोड. ताई पाहुण्यांना ती खोली दाखवत नाही. स्टिअरिंगच्या आत मात्र मोटर आहे, आणि सगळी जादू तिची. पुढच्या टायरांची पकड सुटायला लागली की हातातलं चाक हलकं होतं, पकड परत आली की जड होतं. डोळ्यांना काही दिसायच्या आधी मनगटाला कळतं.

मला त्याने आधी मोन्झावर बसवलं. रुंद रस्ता, ब्रेक कुठे मारायचा ते सांगणाऱ्या पाट्या, चुकलं तर सामावून घ्यायला पुढे मोकळी जागा. पुण्यात गाडी चालवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सगळं संशयास्पद वाटतं. मग टोकियो. जपानमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून जातात, गाड्यांचं चाक उजवीकडे. त्यामुळे निस्सानच्या स्कायलाइनमध्ये बसल्यावर निदान हात कुठे न्यायचे हा प्रश्न पडला नाही. रात्र होती, दिवे नारिंगी होते, रस्ता दोनच लेनचा. आणि त्या रस्त्याला काठच नव्हता. लेन संपली की भिंत. वळण कुठवर वळणार ते कळायला जागा नाही, कारण पुढचं सगळं भिंतीआड. एक चढ, चढाच्या माथ्यावर डावं वळण, लगेच उतार, आणि मग तो खंदक आणि तो खांब. मी ऐंशीने चालवत होतो आणि घाम फुटला होता. भाचा त्याच जागी दोनशेने जातो. खऱ्या सी-वनवर वेगमर्यादा आहे ताशी ५०.

‘हे वळण असं का आहे?’ मी विचारलं. मोन्झावर हा प्रश्न मला सुचला नव्हता. ट्रॅकवर प्रत्येक वळणाचं कारण गाडीच असते. गाडीला कस लागावा, पुढच्याला गाठता यावं, प्रेक्षकांना दिसावं म्हणून कुणीतरी ते तिथे घातलेलं असतं. शहरातल्या वळणाचं कारण गाडी सोडून दुसरंच काहीतरी असतं. नदी आडवी आली, किल्ला होता, कुणी जमीन दिली नाही, पैसे संपले. माझ्या मते शहरी नकाशांचं वेड लागतं ते इथे. गाडी जोरात हाणली की ही दडलेली कारणं अंगावर यायला लागतात. पायी फिरताना न जाणवलेला उतार ब्रेकवर जाणवतो.

याच शुतोकोवर त्याचा ढळढळीत पुरावा आहे. सी-वन वाकडातिकडा, कारण तो जुन्या शहराच्या पाण्याच्या वाटांवर बसवलाय. तिथून बाहेर पडून समुद्राकडे निघालं की ‘वानगान’ हा किनारमार्ग लागतो, आणि तो तीन-तीन लेनचा, सरळसोट. कारण किनाऱ्याची बरीचशी जमीन भराव टाकून केलेली. कुणाचं घर नाही, देऊळ नाही, वाडवडिलांची जागा नाही. पट्टी ठेवून रेघ मारली. सी-वनवर माणूस दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झुंजतो, वानगानवर शेवटचा गिअर टाकून नुसता बसून राहतो. आपल्याकडेही हा हिशेब असाच लागतो. मुंबईचा जे. जे. उड्डाणपूल एवढा नागमोडी का? खालचा मोहम्मद अली रोड नागमोडी आहे म्हणून. वरून जाताना लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या हाताशी येतात, तेव्हा त्या पुलाचं वळण कुणाच्या भिंतीने ठरवलंय ते कळतं.

जपानी लोकांनी या दोन स्वभावांवर मोठी पुराणं रचली आहेत. मिचिहारु कुसुनोकी यांची ‘वानगान मिडनाइट’ ही चित्रकथा १९९० साली सुरू झाली. तिचा नायक फेअरलेडी झेड या एका निळ्या जुन्या गाडीच्या नादी लागलेला पोरगा. गेन्की या कंपनीने ‘शुतोको बॅटल’ ही खेळांची मालिका १९९४ पासून चालवली. बाहेरच्या जगात ती ‘टोकियो एक्स्ट्रीम रेसर’ नावाने पोचली, आणि मोठ्या खंडानंतर २०२५ मध्ये पुन्हा उगवली. त्या खेळात शर्यत ठरवायची रीत मला आवडते. सुरुवातीची रेघ नाही. रात्री मार्गावर फिरायचं, कुणी तोलामोलाचा दिसला की मागून दिवे मारायचे, तो तयार झाला की सुरू. वळणावळणाने जो मागे पडेल त्याचा दम हळूहळू कमी होत जातो, संपला की हरला. या सगळ्यामागे खऱ्या टोकियोतल्या खऱ्या, बेकायदा, अधूनमधून जीवघेण्या शर्यती होत्या, हे चित्रकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असतंच.

आपल्या पिढीला शहर चालवायची चटक लागली ती मात्र शिकागोत. १९९९ चा ‘मिडटाउन मॅडनेस’ सायबर कॅफेत खेळलेले लोक आता चाळिशीत आहेत. त्यांच्यासमोर नुसतं नाव काढा आणि चेहरे बघा. कॅलिफोर्नियातल्या एंजल स्टुडिओजने तो केला, मायक्रोसॉफ्टने काढला. त्यात शिकागो नदीवरचे पूल उचलले जायचे आणि पोरं मुद्दाम पूल उचलायची वाट बघत थांबायची, वरून उडी मारायला. माणसं फुटपाथवर चालत असत, पण कितीही प्रयत्न केला तरी ती चिरडली जात नसत; ऐन वेळी बाजूला उड्या मारत. शर्यती होत्या, पण खरा मुक्काम ‘क्रूझ’ नावाच्या पर्यायात. तिथे काहीच करायचं नसे. नुसतं भटकायचं, सिग्नल तोडायचा, सीअर्स टॉवर दिसला की ‘आलो’ म्हणायचं. तासाचे पैसे मोजून माणूस असं निरुद्योगी भटकतो, तेव्हा शर्यत हा बहाणा असतो हे ओळखावं.

पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, लिव्हरपूलच्या बिझार क्रिएशन्सने ‘मेट्रोपोलिस स्ट्रीट रेसर’ काढला. त्यात लंडन, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को होतं, आणि खेळाचं घड्याळ त्या त्या शहराच्या खऱ्या वेळेवर चालायचं. आपल्याकडे भर दुपार असेल तर सॅन फ्रान्सिस्कोत अंधार, आणि दिवसा तिथे गाडी चालवायची तर आपण रात्री जागायचं. एवढा हट्ट कुणी ट्रॅकसाठी केला नसता. ट्रॅकला वेळ नसते, शहराला असते.

भिंतीकडे परत येतो, कारण जाणकारांच्या बोलण्यात तीच सारखी येते. ट्रॅकवर चूक झाली की वाळू, गवत, टायरांचे ढीग. मोनॅकोच्या शहरी शर्यतीत चूक झाली की लोखंडी कठडा. मोनॅकोची फेरी ३.३३७ किलोमीटरची, पहिली शर्यत १९२९ ची. १९८८ मध्ये तिथे फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेन्नाने पात्रता फेरीत आपल्याच संघाच्या अलँ प्रोस्टला १.४२७ सेकंदांनी मागे टाकलं. एवढ्याशा फेरीत एवढं अंतर म्हणजे थट्टाच होती. दुसऱ्या दिवशी शर्यतीत तो आरामात पुढे असताना, ७८ पैकी ६७व्या फेरीत, पोर्तिए नावाच्या संथशा उजव्या वळणावर कठड्याला घासला आणि संपला. तिथून तो चालत आपल्या घरी गेला, कारण त्याचं घर जवळच होतं. शहरातल्या शर्यतीचा याहून खरा किस्सा मला माहीत नाही. सिम्युलेटरमध्ये पोर्तिए करून पाहा; एकही इंच जास्तीचा नाही.

आणि मोनॅको सारखं बदलत राहतं. १९७३ मध्ये पोहण्याच्या तलावाभोवतीची वळणं आली. त्याआधी गाड्या बंदराच्या काठाने सरळ गॅसवर्क्सच्या वळणापर्यंत जायच्या. आता हॉटेलच्या नावाने ओळखतात ते हेअरपिन वळण पूर्वी रेल्वे स्टेशनचं होतं. पपायरस कंपनीचा ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा १९९८ चा खेळ १९६७ च्या मोसमावर बेतलेला आहे, म्हणजे त्यात तलाव बांधायच्या आधीचं मोनॅको आहे. लोरेन्झो बांदिनी हा चालक १९६७ मध्येच बंदराजवळ आपटून, गाडीने पेट घेऊन दगावला. तेव्हा कडेला गवताचे भारे असत. आज तुम्ही विमानाने मोनॅकोला गेलात तरी त्या रस्त्यावर जाता येणार नाही. जुन्या खेळात येतं. टोकियोतही गिन्झाच्या दुकानांच्या गच्चीवरून जाणारा केके मार्ग एप्रिल २०२५ मध्ये वाहनांना कायमचा बंद झाला; तिथे आता पायी फिरायची बाग होणार. ही बाग मला शहाणपणाची वाटते. पण असे काही रस्ते यापुढे फक्त कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये वाहते राहतील, हेही खरं.

मकाऊच्या शहरी शर्यतीबद्दल फार सांगत नाही, कारण ते सांगून कळत नाही. सहा किलोमीटरहून थोडी जास्त लांब फेरी, १९५४ पासूनची. अर्धी समुद्राकाठी सरळ, अर्धी दीपगृहाच्या टेकडीवर घरांच्या मधून. मेल्को नावाचं एक वळण इतकं अरुंद की तिथे पुढच्याला गाठायची मुभाच नाही. भाचा म्हणतो, ज्याला मकाऊवर एक स्वच्छ फेरी जमते त्याच्याशी भांडू नये.

आता रिकामेपणाची गोष्ट. १९७६ च्या ऑगस्टमध्ये क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकाने भल्या पहाटे पॅरिसमधून एक गाडी पिटाळली, पुढे कॅमेरा बांधून, एकाच दमात, लाल सिग्नल मोडत, मोंमार्त्रच्या टेकडीपर्यंत. आठेक मिनिटांची फिल्म. आवाज फेरारीचा, पण गाडी होती मर्सिडीज. फिल्म बेजबाबदार आहे, आणि तीतून नजर हटत नाही. पुढे २०२० च्या मे महिन्यात त्याच ललूशने फेरारीचा चालक शार्ल लक्लेर्कला घेऊन मोनॅकोच्या रस्त्यांवर तसाच खेळ केला, या खेपेला रीतसर परवानगीने. तारीख होती २४ मे. मोनॅकोची शर्यत त्याच रविवारी व्हायची होती आणि करोनाच्या साथीमुळे रद्द झाली होती. त्याच रविवारी फॉर्म्युला वनने आभासी मोनॅकोची शर्यतही भरवली आणि जॉर्ज रसेल ती जिंकला. एका गावात एका दिवशी दोन्ही प्रकार झाले. खऱ्या रस्त्यावर एकटी गाडी, आणि खोट्या रस्त्यावर सगळे.

रिकामं शहर हे साऱ्यांचं स्वप्न, असं मीही धरून चाललो होतो. पुण्यातल्या कुणाही वाहनचालकाला पहाटे चारचा कर्वे रस्ता विचारा. पण भाच्याच्या कंपूत उलटंच चाललेलं दिसलं. शुतोकोचा नकाशा मुळात रिकामा येतो. त्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की कंटाळा येतो, मग पोरं त्यात मुद्दाम ट्रॅफिक भरतात. जपानी टॅक्सी, टेम्पो, ट्रक, आपापल्या लेनमध्ये, आपापल्या गतीने. त्यांच्यामधून सुईसारखं निघायचं. यासाठी खास सर्व्हर आहेत, जिथे जगभरातली पोरं रात्र-रात्र असतात, धडक न देता किती गाड्या किती जवळून ओलांडल्या त्याचे गुण मिळतात, आणि एका घासपट्टीत सगळी कमाई शून्य. मला त्यात सर्वांत गंमत वाटली ती त्या टेम्पोवाल्यांची. इंडिकेटर दिल्याशिवाय कुणी लेन बदलत नाही. मी विचारलं, यात अवघड काय? भाचा म्हणाला, ‘मामा, हे लोक काय करणार ते आधी कळतं. म्हणून तर जाता येतं.’ वेगाच्या स्वप्नाखाली हे दुसरं स्वप्न आहे, आणि ते फार साधं आहे. शेजारचा माणूस आपल्या रेषेत राहील.

टोकियोत निशी-कासाईला आपली बरीच मंडळी राहतात. निशी-कासाई ज्या एदोगावा भागात येतं त्याच्या नगरपरिषदेवर २०१९ मध्ये पुण्याचे योगेंद्र पुराणिक निवडून गेले होते. तिथल्या एका जुन्या मित्राला मी फोन केला, कारण वानगान आणि मध्य वर्तुळमार्ग जिथे मिळतात ते कासाई जंक्शन त्याच्या घरापासून जवळ आहे. तो म्हणाला, ‘शुतोकोवर आम्ही टोल भरून उभे असतो. शनिवारी सासूबाईंना विमानतळावर सोडायला निघालो, तीसच्या वर काटा गेला नाही.’ भाच्याला हे सांगितल्यावर त्याला वाईट वाटलं, मित्रासाठी.

कुणी म्हणेल, पोरांना हे शिकवायचं का? प्रश्न पुण्यात तर विचारलाच जाणार. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या महागड्या गाडीने दोन तरुणांचा जीव घेतला, त्यानंतर या शहरातल्या आईबापांना टेबलावरचं स्टिअरिंगही खुपायला लागलं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, असं सरकारची आकडेवारी सांगते. मला वाटतं, सिम्युलेटरवर चार रात्री घालवलेल्या पोराला निदान एक गोष्ट कळते: शंभरच्या वेगात गाडी थांबायला किती जागा खाते. ती आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. तिथे इंग्रजी आठ काढतात. पण ट्रॅफिकमधून घुसण्याचे गुण देणारे सर्व्हर मला पटत नाहीत, हे मी भाच्याला सांगितलंय. त्याने ते ऐकून घेतलं, भाचे ऐकून घेतात तसं.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट पुन्हा शिकागोचीच. आजवर शहर आधी असायचं आणि नकाशा मागून यायचा. २०२१ च्या जूनमध्ये नॅस्कार या अमेरिकी शर्यतसंस्थेने ‘आयरेसिंग’ या सिम्युलेटरवर शिकागोच्या रस्त्यांवर शर्यत घेतली. ग्रँट पार्कभोवती, लेक शोअर ड्राइव्ह आणि मिशिगन अव्हेन्यूवरून २.२ मैलांची फेरी, बारा वळणं. तेव्हा तशी शर्यत खरोखर कधीच झालेली नव्हती. नॅस्कारच्या मुख्य मालिकेने तोवर शहरातल्या रस्त्यांवर पाऊल ठेवलं नव्हतं. आभासी फेरी लोकांनी पाहिली, आणि दोन वर्षांनी, २ जुलै २०२३ ला, त्याच रस्त्यांवर खरे कठडे लागले. त्या दिवशी पाऊस एवढा कोसळला की शर्यत उशिरा सुरू झाली आणि आखूडही करावी लागली. जिंकला न्यूझीलंडचा शेन व्हान गिस्बर्गन, या मालिकेतल्या आपल्या पहिल्याच शर्यतीत. पहिल्याच शर्यतीत जिंकणं १९६३ नंतर कुणाला जमलं नव्हतं. नॅस्कारचे बरेच चालक अंडाकृती ट्रॅकवर वाढलेले. हा आला तो ऑस्ट्रेलियातल्या शहरी शर्यतींत, कठड्याच्या कडेकडेने आयुष्य काढून.

आपल्याकडे हैदराबादने ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई भरवून पाहिली, पुढच्या वर्षीची मात्र रद्द झाली. चेन्नईत २०२४ मध्ये रात्रीची शर्यत झाली.

पण महाराष्ट्राच्या रस्त्यावरची गाडी खरी कुठे धावते म्हणाल तर जावा बेटावर. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मालेओ या तिथल्या कंपनीचा मोबाइलवरचा खेळ २०१७ चा. त्यातही गाडीला हवा तो रंग देता येतो, हवा तो सांगाडा बसवता येतो. मग काय! कुणी लालपरी बनवली, कुणी शिवशाही, कुणी गावाकडच्या ट्रॅव्हल्सची झगमगीत स्लीपर, आरशाला गोंडे लावून. इंडोनेशियातही वाहनं डावीकडून जातात, त्यामुळे एसटीला काही खटकत नाही. भाताची खाचरं, नारळ, टपऱ्या, रस्त्यात आडवे येणारे दुचाकीवाले. कोकणात फिरतोय म्हणून खपून जावं. फक्त पाट्या बहासात. त्या देशात २०१६ मध्ये एक खूळ निघालं होतं: रस्त्याच्या कडेला उभं राहून पोरं बसवाल्या काकांना सुरेल हॉर्न वाजवा म्हणून ओरडायची, आणि काका वाजवायचे. आपल्या घाटातल्या ट्रक ड्रायव्हरांना हे खूळ समजवावं लागणार नाही. या खेळात वेग नाही. वळणावर मोठी बस कशी काढायची, थांब्यावर बरोबर दारासमोर कशी लावायची, एवढंच. ज्याचे वडील एसटीत चालक आहेत असा एक मुलगा मला भाच्याच्या मित्रांत भेटला. तो दुसरं काही खेळतच नाही.

आता भाच्याने स्वतः एक रस्ता करायला घेतलाय. निगडी ते दापोडी, जुना मुंबई-पुणे महामार्ग, बारा-साडेबारा किलोमीटर. निवड चांगली आहे. रुंद, बराचसा सरळ, मध्येच ग्रेड सेपरेटरमध्ये खाली उतरणारा आणि पुन्हा वर येणारा, आणि पुढच्या टप्प्यात डोक्यावर मेट्रोचा पूल. ओपनस्ट्रीटमॅपवरून त्याने रस्त्याच्या रेघा घेतल्या, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्या उभ्या केल्या. बाकीचं सारं फोटोंवरून. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून, एका हातात मोबाइल धरून काढलेले. मेट्रोचे खांब एकदा बनवले की कॉपी-पेस्ट करता येतात, ते त्याला फार सोयीचं पडलं. दुकानांच्या पाट्या मात्र एकेक कराव्या लागतात, नाहीतर ते चिंचवड वाटत नाही.

अडतंय ते रस्त्याच्या पृष्ठभागाशी. टोकियोचा रस्ता गुळगुळीत धरून चालतं. इथे रम्बलर आहेत, डांबराच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणं आहेत, एकावर एक चढवलेले डांबराचे थर आहेत. खऱ्या मापाने घातले तर बुटकी स्पोर्ट्‌स कार पहिल्याच रम्बलरवर पोट घासून थांबते. लहान करून घातले तर मित्र म्हणतात, हा रस्ता आपला नाही. शेवटी त्याने मापं खरी ठेवली आणि चालवायला जुनी मारुती ८०० दिली.

दिवाळीच्या आधी ताईकडे गेलो तेव्हा तो ट्रॅफिक भरत बसला होता. पडद्यावर रस्त्याच्या डोक्यावरून काढलेल्या रंगीत रेघा, प्रत्येक लेनची एक. गाड्या त्या रेघांवरून चालतात, असं त्याने समजावलं.

‘मग बीआरटीच्या लेनमध्ये घुसणारे?’

‘त्यांना टक्केवारी देता येते. दहातले तीन.’

‘आणि समोरून उलटे येणारे?’

त्याने माऊस बाजूला ठेवला. ‘तीच अडचण आहे, मामा. उलटं यायचं तर त्यांच्यासाठी वेगळी उलटी रेघ काढावी लागते. आणि रेघ काढली की ते त्या रेघेवरूनच येतात, सरळ, इंडिकेटर देऊन.’